बांधाकडची ओळ

फॉर्मचा शेवटचा रकाना मी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात भरून टाकला होता. 'गटातील सर्वांत कमकुवत सदस्य.' त्यापुढे एकच नाव बसत होतं, भागुबाई. तिसऱ्या दिवशी चार वाजता माझे वरिष्ठ, जीवन सर येणार, त्यांच्यासमोर मी ते नाव टॅबमध्ये टाकणार आणि दुसऱ्या दिवसापासून भागुबाईने बागेत यायचं नाही. इतकं ते सोपं होतं.

माझं नाव प्रतिभा. शेतीची पदवी घेतली आणि द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत निरीक्षक म्हणून लागले. काम काय, तर दिंडोरी तालुक्यातल्या बागांमध्ये थिनिंग करणाऱ्या बायकांच्या टोळ्यांकडे बघत बसायचं. थिनिंग म्हणजे घडातले जास्तीचे मणी बारीक कात्रीने कापून काढायचे, उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची. कंपनीकडे अशा चार टोळ्या होत्या, प्रत्येकीत सहा जणी. यापुढे टोळी पाच जणींचीच ठेवायची असं वरच्यांनी ठरवलं होतं. का ठरवलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

तीन टोळ्या मी उरकल्या होत्या. प्रत्येक टोळीला तीन दिवस, आणि मागे पडणारी बाई मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सापडायची. माझी नजर पक्की आहे असं जीवन सर चारचौघांत म्हणाले होते, आणि ते ऐकून मी घरी आईला फोनही केला होता. तिसऱ्या टोळीतल्या धोंडाबाईला, तिचं नाव लिहिलंय हे सांगताना मात्र मी घाबरले होते. रडेल, भांडेल, शिव्या देईल अशी तयारी करून गेले. ती नुसती "बरं" म्हणाली. डोक्याचा रुमाल झटकला, आपली कात्री क्रेटवर ठेवली आणि गाडीत जाऊन बसली. मुठींना निळी चिंधी गुंडाळलेली जुनी कात्री होती ती. परत द्यायला मी धावले तोवर गाडी निघून गेली होती. तेव्हापासून ती माझ्या पिशवीतच होती. तिला आता कात्री कशाला लागणार, असंही मला वाटलं होतं. वाटलं ते वाटलं, आता लपवून काय करू.

चौथी टोळी घोटीकडची. भाताची कापणी उरकून आलेली, बागेच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरलेली. मुकादमीण सिंधुबाई, पन्नाशीची, बोलायला कंजूस. लताबाई हाताने आणि तोंडाने सारखीच चपळ. मनीषा सगळ्यांत धाकटी, एकोणीस वर्षांची, घोटीत बारावीपर्यंत शिकलेली आणि या कामात नवीन. दोघी सख्ख्या जावा होत्या, त्या एकमेकींशी सोडून कुणाशी बोलायच्या नाहीत. आणि भागुबाई, बारीक चणीची, साठीला टेकलेली, कपाळावर मोठं गोंदण.

रोज सकाळी सिंधुबाई स्वतःसकट सहा जणींना सहा ओळी वाटून द्यायची. प्रत्येकीला दोन खांबांमधली पाच झाडं. द्राक्षाचा मांडव डोक्यावर, म्हणजे दिवसभर मान वर आणि हात वर. मी मधल्या वाटेवर क्रेट उलटा टाकून बसायचे, कारण तिथून सगळ्या दिसायच्या आणि टॅबच्या काचेवर ऊन यायचं नाही. दर तासाला तिथूनच प्रत्येकीचे घड मोजायचे. लताबाई तासाला पन्नास. सिंधुबाई आणि जावा पंचेचाळीसच्या आसपास. मनीषा चाळीस. भागुबाई अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशीही अठ्ठावीस.

बरं, नुसती हळू असती तरी एक वेळ चाललं असतं. बाकीच्या पाच जणींचं काम संपलं की त्या निमूटपणे भागुबाईच्या ओळीत पलीकडच्या टोकाने शिरायच्या आणि कापत कापत तिच्यापर्यंत यायच्या. न सांगता, न बोलावता. मी लिहिलं, 'इतरांवर अवलंबून.' सिंधुबाई सकाळी ओळी वाटताना फक्त मान हलवायची, तर मी लिहिलं, 'गटात संवाद कमी.' आमचं घर विंचूरचं, कांद्याचं. कांद्याच्या लागणीत वाफे सगळे सारखे, जी मागे राहिली ती मागे राहिली. टोळ्या मी लहानपणापासून बघितल्यात, मला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी होते.

शिवाय निरीक्षकाने गटाशी कामाबद्दल बोलू नये, असा नियमच होता. बोललं की माणसं बदलतात म्हणे. तो नियम मला फार आवडायचा. ज्या बाईचं नाव लिहायचंय तिच्याशी बोलायला लागलं नाही की बरं असतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हात धुवायला टाकीकडे गेले. टॅब क्रेटवर राहिला, उघडाच. परत आले तेव्हा मनीषा क्रेटपासून दोन पावलांवर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती शेडकडे गेली. टॅबवर शेवटचा रकाना उघडा होता. मघाशी मी नाव टाईप करून ठेवलं होतं, नुसतं पाठवायचं राहिलं होतं.



शेडमध्ये सहा जणी भाकरीला बसल्या होत्या. रोज या वेळी लताबाईचं काहीतरी चाललेलं असायचं, नवऱ्याची नक्कल, गाडीवाल्याची नक्कल. आज तिचाही आवाज नव्हता. मनीषा खाली बघून बोलत होती, दोन-तीन वाक्यंच. जावांनी एकमेकींकडे बघितलं. लताबाईने हातातला घास ताटलीत परत ठेवला. सिंधुबाईने मान वळवून लांबून माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली. भागुबाई तेवढी जेवत होती. तिने शेवटचा तुकडा कालवणात बुडवून खाल्ला, ताटली धुतली आणि कात्री घेऊन उठली.

कुणीतरी येऊन माझ्याशी भांडावं असं मला वाटत होतं. भांडण आलं की मला उत्तरं सुचतात. पण कुणीच आलं नाही.

दीड वाजता सिंधुबाई मांडवाखाली उभी राहिली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "भागा, तू मधली वळ घे. मनी बांधाकडं जाईल."

भागुबाई थबकली. "का बरं?"

"घे म्हनलं ना."

"माजी वळ अर्धी हाय तिकडं. तिला नाय जमायचं ते."

"मुकादम कोन हाय, तू का मी?"

भागुबाईने सिंधुबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ही अदलाबदल कशासाठी ते तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी तो झेलला असता. तिला लाज वाटली होती. साठीच्या बाईची मान माझ्यासमोर खाली गेली, आणि ती खालमानेने मधल्या ओळीत येऊन उभी राहिली, माझ्या क्रेटपासून हातभर अंतरावर. मनीषा बांधाकडच्या ओळीत गेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मी घड्याळ लावलं. मला वाटलं होतं, सिंधुबाई म्हातारीला सोपं काम देऊन मला फसवायला बघतेय. बघू या, म्हटलं.

भागुबाईने पहिला घड डाव्या हाताच्या बोटांत धरला, फिरवला आणि कात्री आत घातली. मणी टपाटप खाली पडायला लागले. ती घडाकडे बघतही नव्हती असं वाटावं इतक्या सहज. आतला मणी, खालचा मणी, शेंड्याचा तुकडा, सोडला, पुढचा. शेजारच्या ओळीत लताबाई होती, जिला मी वेगाचे पैकीच्या पैकी गुण दिले होते. वीस मिनिटांत म्हातारी तिच्या पुढे गेली. लताबाईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने तिरक्या नजरेने माझ्या टॅबकडे बघितलं आणि ती गालात हसली. ते हसू मला चांगलंच लागलं.

तास भरला तेव्हा भागुबाईचे घड झाले चौसष्ट. मी पुन्हा मोजले. चौसष्टच होते. खाली पडलेल्या मण्यांत घडात ठेवायचा एकही मणी नव्हता, आणि वरच्या घडांत कात्रीचा एक ओरखडा नव्हता.

अडीच वाजले होते. जीवन सर यायला दीड तास. मी रकान्यातलं नाव खोडलं. रकाना लाल झाला. नाव टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.

तेवढ्यात बांधाकडून "अगं आई" असा बारीक आवाज आला. मनीषाचा. भागुबाईचे हात थांबले. तिने मान तिरकी करून कानोसा घेतला आणि कात्री कमरेला खोचून चालायला लागली.

मी नियम विसरले. "मावशी, थांबा. माझं मोजणं चालू आहे. तुमचे आकडे फार चांगले येताहेत. आत्ता ओळ सोडू नका."

"घड खराब करती पोरगी."

"करू देत ना. चारपर्यंत थांबा फक्त. तुमच्याच भल्याचं सांगतेय."

ती वळली. "बाई, तुमचे आकडे तुमच्यापाशी ठेवा. तासाभरात तिकडं एक घड रहायचा नाय." आणि गेली.

मी तिच्यामागून गेले. चौथी टोळी आणि बारावा दिवस, पण बांधाकडच्या ओळीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. बाहेर वारा अडवायला लावलेल्या शेवरीच्या झाडांची दाट रांग होती. तिची सावली मांडवावर दुपारपर्यंत पडत असणार, कारण खाली जमीन अजून ओलसर होती. वरचे घड मधल्या ओळींसारखे नव्हतेच. मणी एकमेकांत इतके आवळून बसलेले, की बोटाचं नखही आत जाईना. एकाच घडात ज्वारीएवढे आणि हरभऱ्याएवढे. मनीषाने तासाभरात सोळा घड केले होते, त्यातल्या सात-आठांचे मणी चिरले होते. चिरलेला मणी सडतो, आणि आजूबाजूच्यांनाही सडवतो, एवढं तर मी पुस्तकात वाचलेलं होतंच. ती रडत होती आणि रडता रडता कापत होती.

"रडू नको, हात हलतो त्यानं," भागुबाई म्हणाली. तिने मनीषाचा हात कात्रीसकट आपल्या हातात घेतला. "वरून नाय शिरायचं. देठाकडून. आदी एक मोठा काढ, वाट कर. मंग त्या वाटंनं आत जा. दम धर. दम धर. आता काप."

मी पिशवीतून कात्री काढली आणि एक घड धरला. आपल्यालाही कळतं, हे कुणाला दाखवायचं होतं कोण जाणे. देठाकडून शिरले, एक मणी काढला आणि तीन चिरले. चिकट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. कात्री मुकाट्याने पिशवीत टाकली.

सिंधुबाई माझ्यामागे येऊन उभी होती. मी विचारलं, "ही ओळ रोज यांनाच का?"

"मंग कोनाला देऊ? ज्याचा हात चांगला, त्याला बांध. आमच्याकडं असंच असतं. नव्या पोरींना मधल्या, सरळ वळी. हात बसला की सरकायचं कडंकडं."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं का?" ती म्हणाली. "आनि असं सोताहून सांगतं का कोनी, का आमची भागा लय भारी हाय म्हनून? तुमी बघायलाच बसला व्हता ना?"

मला इतकी शरम वाटली, की मी शेवरीकडे तोंड करून उभी राहिले.

चारला पाच मिनिटं असताना जीवन सरांची गाडी आली. जीवन सर वाईट माणूस नाहीत. स्वतःची पाच एकर बाग सांभाळून नोकरी करतात, पण त्यांना दिवसभरात सहा ठिकाणी जायचं असतं. आल्या आल्या म्हणाले, "पाठवलंस? भागुबाई ना? काल फोनवर म्हणालीस ती."

सहा जणींचे हात वर मांडवात होते आणि एकही कात्री वाजत नव्हती.

"नाही सर. ते नाव चुकलंय."

मी त्यांना बांधाकडे नेलं. पिशवीतली कात्री काढून मनीषाचा चिरलेला एक घड कापला, सकाळी भागुबाईने केलेला एक कापला, आणि दोन्ही त्यांच्या हातात दिले. त्यांनी भागुबाईचा घड उजेडात धरून फिरवला. बागायतदार माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. मनीषाचा घड त्यांनी उलटा करून पाहिला आणि खाली टाकला.

"हा कुणाचा?"

मनीषाने डोळे मिटून घेतले होते.

"बरं. मग हिचं नाव टाक आणि विषय संपव," सर तिच्याकडे बघून म्हणाले.

"तिला काढायची तर मला काढा," भागुबाई म्हणाली. ती ओरडली नाही. कात्री कमरेची काढून हातात धरली होती, द्यायच्या तयारीत. "मी किती दिस पुरनार? ती शिकती हाय. तिला काढली तर हितं उद्या कोन?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी म्हणाले, "सर, या टोळीत काढायला कुणी नाही. मी तसं लिहून देते."

"रकाना रिकामा राहत नाही."

"मग शेरा लिहिते. निरीक्षण चुकीचं झालं. टोळी सहाचीच ठेवावी."

"चुकीचं कुणाचं?"

"माझं."

ते मला बाजूला घेऊन गेले, पण फार लांब नाही. "प्रतिभा, नीट विचार कर. एकदा तू असं लिहून दिलंस, की ते या टोळीपुरतं राहत नाही. तुझी नोकरी अजून कायम नाही."

"माहीत आहे."

मी कागदावर लिहून सही केली. त्यांनी कागदाचा फोटो काढला, थोडा वेळ फोनमध्ये बघत उभे राहिले. मग सिंधुबाईला म्हणाले, "उद्या सहाही जणी या. वर मी बोलतो. पण बांधाकडचा माल मला असाच पाहिजे." आणि गाडीत बसले.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग लताबाईने एकदम हुश्श केलं, मनीषा भागुबाईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली आणि जावासुद्धा हसल्या. सिंधुबाईने मला पाण्याचा तांब्या दिला. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकच वाटलं. वाचवलं मी हिला, असं वाटलं.

दिवस कलायला आला होता आणि बांधाकडची ओळ अजून अर्धी बाकी होती. पाच जणी नेहमीसारख्या पलीकडच्या टोकाला गेल्या. भागुबाई अलीकडून सुरू करणार, तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. कात्री अजून माझ्या हातातच होती.

तिने ती हळूच घेतली. मुठीवरची निळी चिंधी अंगठ्याने चाचपली. आतल्या बाजूला चिंधीची गाठ होती, ती तिने न बघता शोधली.

"ही धोंडाची हाय."

तिने ती गाठ माझ्यासमोर धरली.

"धोंडाबाई. टाके गावची. गाठ मीच बांधून दिली व्हती, तिची बोटं फुटली तवा." तिने माझ्याकडे पाहिलं. अजून तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू होतं. "तिनंच मला बांध शिकवला. तुमच्यापाशी कशी काय?"

तिसऱ्या टोळीतली धोंडाबाई. दर तासाला पंचवीस घड. आणि ती कुठे उभी असायची ते मला आत्ता दिसलं. दुसऱ्या टोळीतली भुऱ्या केसांची बाई कुठे उभी असायची तेही दिसलं. पहिल्या टोळीतलीही. मधल्या वाटेवरच्या क्रेटवरून तिघीही मला लांब, लहान दिसायच्या, कडेला, शेवरीच्या सावलीत.

"मी त्यांचं नाव लिहिलं," मी म्हणाले.

भागुबाईला कळायला थोडा वेळ लागला. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पलीकडच्या टोकाला कात्र्या वाजायला लागल्या होत्या. तिने धोंडाबाईची कात्री बोटांत अडकवली, वरचा घड धरला आणि तो न कापता तशीच उभी राहिली.

"मंग तिच्या टोळीत आता बांध कोन घेतं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी तिकडे परत गेलेच नाही."